दोनदा थोपटले की निघायचे

आमच्या मोहिमेत अनपेक्षित असे काही घडणारच नव्हते. अनपेक्षित काय काय घडू शकते याचा विचार मी आधीच करून ठेवला होता, आणि विचार करून ठेवलेली गोष्ट अनपेक्षित राहत नाही, एवढे तर्कशास्त्र मला येते. रसायनीच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर गुणवत्ता तपासणीची प्रयोगशाळा सांभाळली. समोरचा म्हणतो म्हणून एखादी गोष्ट मानायची नाही, हा माझा व्यवसाय होता आणि स्वभावही. निवृत्तीनंतर कर्जतला राहायला आलो. व्यवसाय सुटला; स्वभाव उरला, आणि तो सहन करायला घरात एकटी माझी बायको विनिता.

मोहीम अशी: कर्जत ते कन्याकुमारी, जोडसायकलवर. जोडसायकल म्हणजे एकामागे एक दोन सीट, पायडलांच्या दोन जोड्या आणि वळणारे हँडल मात्र एकच, पुढच्याचे. मागच्याचे हँडल नुसते धरण्यासाठी असते. पुढे मी, मागे विनिता. प्रवास पूर्ण स्वावलंबी. तंबू आपला, स्वयंपाक आपला, पंक्चर आपण काढायचे, कोणाची कसलीही मदत घ्यायची नाही. हा नियम मीच केला होता आणि त्याचा मला अभिमान होता.

विनिताने एकच अट घातली. आधी संपूर्ण सामानासह दोन दिवसांची चाचणी. कर्जतहून चौक, तिथून लोधिवलीच्या पुढे पाताळगंगेच्या काठी तंबूत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. नियम पाळून चाचणी पार पडली तर कन्याकुमारी. नाही पडली तर त्याच दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीच्या, संजनाच्या बसमधून देवस्थानांची यात्रा. संजनाने आमच्यासाठी दोन जागा राखून ठेवल्या होत्या आणि तिला रविवारी रात्रीपर्यंत उत्तर हवे होते. माझे कोणत्याही देवाशी वैर नाही. माझा आक्षेप पुराव्याच्या अभावाला आहे. पण खरी धास्ती बसची होती. त्या बसमध्ये पहाटे भजन सुरू होते, प्रत्येकाला एक कडवे म्हणावे लागते, आणि न म्हणणाऱ्याला संजना हातात माईक देऊन उभे करते.

सरावात आणखी एक अडचण निघाली होती. सायकलवर सूचना तोंडाने दिल्या की त्यांचा संवाद होई, संवादाचा वाद होई आणि वादात सायकल रस्त्याच्या कडेला जाई. म्हणून मी तोंडी सूचना रद्द केल्या. विनिताने माझ्या पाठीवर दोनदा थोपटले की होकार, म्हणजे निघायचे. एकदा थोपटले की सावकाश. थोपटतच राहिली की थांबायचे. ही पद्धत बिनचूक होती, असे मी त्या वेळी मानत होतो.

शनिवारी सकाळी निघताना फाटकाशी शेजारच्या धोंडूबाई उभ्या. हातात माझ्या दंडाएवढा जाड आणि त्याहून बराच लांब असा दुधी.

"ताई, रातच्याला कालवन करा गं याचं."

मी त्यांना मदतीविषयीचा नियम समजावून सांगितला.

"मदत कसली रं बाबा? भोपला हाय," धोंडूबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी विनिताकडे पाहिले. तिने शांतपणे निवाडा दिला. मदत म्हणजे ज्याने भार हलका होतो ते. दुधीने भार वाढतो. म्हणून दुधी ही मदत नव्हे. युक्तिवादाची पद्धत माझीच असल्यामुळे निवाडा मान्य करावा लागला. सगळ्या पिशव्या भरलेल्या होत्या, तेव्हा तिने तो आपल्या हँडलच्या मधोमध उभा बांधला, देठाची बाजू वर. खालून घट्ट, वरून मोकळा. सायकल हलली की तो मान डोलवी.

पहिल्या चढाला मला एकच चिंता होती, ती पुढच्या उताराची. दोन माणसे, तंबू, भांडी, स्टोव्ह, तांदूळ आणि दुधी एवढे वजन उतारावर ब्रेकने कितपत आवरेल? विनिताचे वजन मी गणितात अंदाजाने धरले होते. खरा आकडा विचारण्याइतका मी धाडसी नाही. चढाच्या माथ्यावर थांबलो. मी एक पाय जमिनीवर टेकवून ब्रेकचे रबर बोटांनी चाचपू लागलो आणि उष्णता कशी निर्माण होते हे विनिताला सांगू लागलो. मागे सायकल थोडी हलली. ती सीटवर सावरून बसत असेल, असे मी गृहीत धरले.

ती उतरली होती. मुक्कामात घालायच्या तिच्या चपला मागे बांधल्या होत्या, त्यातली एक चढावर पडली होती, आणि ती आणायला ती थोडी मागे गेली होती. तिचे म्हणणे असे, की तिने मला तसे सांगितले. मी ते नाकारू शकत नाही. मी त्या वेळी बोलत होतो.

माझे उष्णतेचे विवेचन संपले. शेजारून एक डंपर गेला, त्याच्या वाऱ्याने सायकल डगमगली, आणि माझ्या पाठीवर कोणीतरी दोनदा थोपटले.

मी निघालो.

उतार कल्पनेपेक्षा फारच सोपा गेला. ब्रेक सहज लागत होते. सपाटीला लागल्यावर सायकल इतकी हलकी वाटली, की इतक्या दिवसांच्या व्यायामाचे फळ आज मिळाले असे मी मोठ्याने म्हणालो. पाठीवर दोनदा थोपटले गेले. आता हे सांगणे भाग आहे, की तो रस्ता सिमेंटचा आहे. ठराविक अंतरावर त्याला सांधा असतो. पुढचे चाक सांध्यावरून गेले की दुधी एकदा पुढे झुके, मागचे गेले की दुसऱ्यांदा. त्या वेळी मला एवढेच जाणवत होते, की विनिता माझ्याशी सहमत आहे.

मी विषय वाढवले. कन्याकुमारीला जाताना घाटाऐवजी किनाऱ्याने जावे. दोनदा थोपटले. स्वयंपाकात मीठ मोजून घालावे. दोनदा. संजनाच्या यात्रेचे पत्रक मुळात अतिशयोक्त आहे. दोनदा, जरा जोरात. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण सलग इतक्या मुद्द्यांवर आमचे एकमत कधी झाले नव्हते. जो माणूस स्वतःला संशयवादी म्हणवतो, त्याने इथेच संशय घ्यायला हवा होता.

रस्त्याकडेची माणसे ओरडत होती, हात करत होती. वालाच्या शेतात शेंगा तोडणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मागली कुटं रं?" असे कोणीतरी विचारले. जोडसायकल पाहून लोक काहीबाही ओरडतात, याची सवय झाली होती. मी हात हलवून आभार मानले.

चौकच्या नाक्यावर चहाच्या टपरीपाशी थांबलो. "उतर आता," असे म्हणून मागे वळलो.

मागे दुधी होता. तो शेवटचा एकदा डोलला आणि स्थिर झाला.

यापुढचे सांगताना मला विनोद सुचत नाही. त्या रस्त्यावर डंपर धावतात. ती उतरली की पडली? पडली असेल तर कुठे? आणि माझ्या पाठीवर थोपटले कोणी? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दुधीच्या रूपाने समोर होते, आणि त्याचा अर्थ असा होता, की ती कुठे नाहीशी झाली याची एकही खात्रीलायक नोंद माझ्यापाशी नव्हती. तिचा फोन? तो माझ्या पुढच्या थैलीत होता. जबाबदारी एका ठिकाणी असावी म्हणून दोन्ही फोन मीच ठेवले होते.

टपरीवर माणसे जमली. मी नियम विसरलो. जो भेटेल त्याच्याकडे मी मदत मागितली. हरेश नावाच्या रिक्षावाल्याने रिक्षा वळवली. मोटरसायकलवाल्या पोरांनी गाड्या सुरू केल्या. कर्जतकडे कोंबड्यांचे रिकामे पिंजरे घेऊन चाललेले मुनव्वरभाई म्हणाले, सायकल टेंपोत टाका, साहेब, तुमी बी चढा. सायकल टेंपोत मावेना. तिचे मागचे चाक बाहेर राहिले आणि मी पिंजऱ्यांच्या मधे, पिसांमध्ये, तिला धरून उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर दुधी डोलत होता.

टेंपो सुटतो न सुटतो तोच विनिताचा फोन वाजला. संजना. नाक्यावरच्या कोणीतरी सायकलचा आणि दुधीचा फोटो काढून गावोगावच्या ग्रुपवर टाकला होता आणि तो तिच्यापर्यंत खोपोलीला पोहोचलाही होता.

"भावोजी, ताई कुठेय?"

"मागे आहे," मी म्हणालो. ते शब्दशः खरे होते.

"तिला फोन द्या."

"आत्ता देता येणार नाही. अंतर आहे."

"एका सायकलवर किती अंतर असतं?"

मी फोन कट केला. आयुष्यात प्रथमच माझ्याकडे एखाद्या प्रश्नाचे उत्तर होते आणि ते मला द्यायचे नव्हते.

वाटेत बसथांब्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मुनव्वरभाईंनी त्यांना "बुधाजीनाना" अशी हाक मारून विचारले. वाटेत कोणी बाई दिसली का?

"टोपीवाली? ती चालत येतेय ना. मघाशी माजी सायकल आनायला वर गेल्तो तवा भेटली. ठणठणीत हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. हे कारण नसताना होत नाही, त्यामागे शरीरशास्त्र आहे. पण त्या क्षणी मला ते आठवले नाही.

"मी बोललो, कुनाची तरी गाडी थांबवतो. तर म्हनली, नको आजोबा, आमचा नियम हाय. समद्यांना तेच सांगते, गाडीत बसत नाय." म्हातारबाबांनी हात वर करून दाखवला. "आनि हातात चप्पल हाय. एकच. मंग मी जास्त इचारलं नाय."

रिक्षा आणि मोटरसायकलीही मागे येऊन थांबल्या होत्या. तोवर सगळे विनितासाठी घाबरत होते. आता सगळे माझ्याकडे बघू लागले. विनिताच्या फोनवर संजनाने ग्रुपमधला नवा संदेश पाठवला होता: बाई सुखरूप, हातात चप्पल घेऊन नवऱ्याला शोधत आहे.

आणि मग माझ्या लक्षात आले. तिने नियम पाळला होता. नियम मोडणारा या परिसरात एकच माणूस होता आणि तो कोंबड्यांच्या पिंजऱ्यांत उभा होता. चाचणी माझ्यामुळे फसली, हे तिला दिसले की संपले: पहाट, बस, माईक.

मी आयुष्यभर लोकांचे खोटे निष्कर्ष पकडले. पुढच्या वळणापाशी मी स्वतः एक तयार करायचे ठरवले. मुनव्वरभाईंना टेंपो थांबवायला सांगितला, सायकल खाली घेतली, अंगावरची पिसे झटकली आणि एकटाच पायडल मारत चढाला लागलो. तुम्ही येऊ नका, असे मी सगळ्यांना विनवून सांगितले होते.

वळणाच्या पलीकडे विनिता येताना दिसली. डोक्यावर हेल्मेट, हातात चप्पल. मी धापा टाकत तिच्यापुढे थांबलो. तिने माझ्याकडे पाहिले नाही, दुधीकडे पाहिले.

"तू दिसली नाहीस म्हणून लगेच वळलो," मी म्हणालो. "एकटाच."

त्याच वेळी मागून हॉर्न ऐकू आले. टेंपो, त्यामागे हरेशची रिक्षा, त्यामागे मोटरसायकली. नवरा-बायको भेटल्याचा त्यांना इतका आनंद झाला होता, की त्यांना मागे राहवेना.

"हे कोण?" विनिताने विचारले.

"स्थानिक रहिवासी."

तिने माझ्या कॉलरवरून एक पीस उचलले आणि ते मुनव्वरभाईंना दाखवून विचारले, "हे तुमच्या टेंपोत बसले होते का?"

मुनव्वरभाईंना खोटे बोलायचे नव्हते आणि मला बुडवायचेही नव्हते. त्यांनी जरा विचार केला.

"बसली सायकल, ताई. साहेब उभे होते."

विनिता हसली नाही. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "संजनाला कळव. दोन जागा."

"मी त्या चढावरून इथपर्यंत चालत आले," ती म्हणाली. "एकाच्याही गाडीत बसले नाही. का, माहितेय? मला कन्याकुमारीला जायचंय. तुमच्यापेक्षा जास्त. संजनाची भजनं मी लहानपणापासून ऐकतेय, अहो."

हे मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे शेजारी बसलेल्या माणसाचा हा सर्वांत मूलभूत तपशील मी कधी तपासलाच नव्हता.

"नियम कोणी मोडला?" तिने विचारले.

"मी."

"मग नापास कोण?"

"मी."

"मग संजनाला एकच जागा ठेवायला सांगते."

ती हे इतक्या सहजपणे म्हणाली, की मघापासून हसत असलेला हरेशसुद्धा गंभीर झाला.

पुष्कळ विनवण्यांनंतर फेरपरीक्षा मंजूर झाली. येत्या शनिवारी, त्याच रस्त्याने. पुढे विनिता, मागे मी. संजनाने एक जागा अजून राखून ठेवली आहे. रोजच्या सरावात मागच्या सीटवर बसून मला आता एवढे कळले आहे, की तिथून रस्ता दिसत नाही, ब्रेक हाताशी नसतो आणि पुढचा माणूस काय सांगतो आहे ते वाऱ्यात नीट ऐकूही येत नाही. मी नियमित दोनदा थोपटतो.

काल धोंडूबाई पुन्हा एक दुधी देऊन गेल्या. विनिताने तो चिरला नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभा करून ठेवला आहे. कशासाठी, असे विचारले तर म्हणाली, राखीव गडी.

हल्ली सायकल थांबली तरी मी उतरत नाही. माझ्या चपलेचे काय व्हायचे ते होवो.