सराट्याचा डोस

लेबल वाचणाऱ्या माणसाला कुणी फसवूच शकत नाही, असा उंद्रीचे निवृत्त विज्ञानशिक्षक भगवंतराव यांचा ठाम दावा होता! प्रोस्टेटसाठी आणलेल्या हर्बल चूर्णाने फरक पडेना, तेव्हा ते भिंग घेऊन डब्याला भिडले.

"अकरा वनस्पती, मिळून पाचशे मिलिग्रॅम! पन कोनती किती, ते काऊन लिहेल नाही? भोपळ्याचं बी डब्याजवळून नुसतं चालत गेलं असन, तरी हे कंपनीवाले त्याचं नाव छापतीन!"

पुढचं नाव होतं ट्रायब्युलस टेरेस्ट्रिस. भगवंतरावांनी ते मोबाइलवर शोधलं आणि ताडकन उठले.

"कौशल्या, हा त सराटा हाय!"

"चपलीत रुततो तो?" बायकोने विचारलं.

"तोच! आपल्या शेताच्या धुऱ्यावरचा काटा आपल्यालेच विकून राह्यले!"

आता डोस आपणच ठरवायचा! ते शेतातून टोपलंभर सराटे घेऊन आले आणि बैठकीतल्या दिवाणावर वाळत घातले. नेमके त्याच दुपारी लेकीला, समीक्षाला पाहायला देऊळगाव राजाचे पाहुणे येणार होते. फाटक वाजलं. "उचला ते काटे!" कौशल्याबाई ओरडल्या. भगवंतरावांनी घाईघाईत वर चादर ओढली आणि पाहुण्यांच्या स्वागतात सगळं विसरले.

"बसा, व्याहीबुवा! इथंच बसा, ऐसपैस!"

मुलाचे वडील शालिग्राम ऐसपैस बसले. आणि रॉकेटसारखे उठले!

"अगं माय! काय हाय हे?"

"घाबरू नका! औषध हाय!"

"ही कोणती पद्धत औषध द्यायची?"

भगवंतरावांनी घाम पुसत सगळं सांगून टाकलं, अगदी प्रोस्टेटसकट. स्थळ गेलंच, असं समजून कौशल्याबाईंनी डोळे मिटले. पण शालिग्राम हळूच पुढे सरकले.

"तुम्हालाही त्रास हाय? मीबी चूर्ण घेतो. झोपताना, तांब्याभर पाण्यासोबत."

"मीबी तसंच! आन मंग?"

"मग रातभर उठतो!"

"मीबी!"

दोघांपैकी एकालाही तांब्याची शंका आली नाही.

पोहे निवले. शालिग्राम उभ्यानेच बोलत होते, भगवंतराव भिंग नाचवत होते. त्यांच्याकडे हताशपणे पाहत शालिग्रामांचा मुलगा हर्षल आणि समीक्षा अंगणात जाऊन बसली, आणि परतली ती लग्न ठरवूनच!

"बाबा, आमचा होकार हाय," समीक्षा म्हणाली. "अट एकच. लग्नाच्या मांडवात तुमी दोघांनी लघवीचा विषय काढाचा नाही."

दोन्ही बापांनी एकमेकांकडे पाहिलं. स्थळ तर लाखात एक होतं. पण अट फार जड होती!