पळणाऱ्यांचे पाय आणि डॉक्टर काटदरे

मुलांनो, एका जंगलात फार धावपळ असायची. तुमच्या आईबाबांची सकाळी असते तसली नव्हे. अगदी खरीखुरी. वाघ मागून पळायचा, म्हणून हरणं पुढे पळायची. हरणं पळाली म्हणून ससे पळायचे. रानडुकरांना तर पळायला कारणच लागत नसे.

एवढे सगळे पळतात म्हटल्यावर तिथे शर्यतही व्हायची. पळस फुलले की माळावर सगळे जमायचे. पहिल्या येणाऱ्याला वर्षभर पाणवठ्यावर आधी पाणी प्यायचा मान मिळायचा. उन्हाळ्यात तो मान किती मोठा वाटतो, हे तुम्हाला एखाद्या उन्हाळ्यात कळेल.

त्या वर्षी हा मान झुळूक नावाच्या हरिणीला मिळणार असं सगळेच म्हणत होते. झुळूक अंगाने बारीक होती. तिच्या पाठीवर पांढरे ठिपके होते, आणि ती पळायला लागली की ठिपक्यांच्या रेघा दिसायच्या. तिची धाकटी बहीण सावळी रोज तिचा सराव बघायला यायची आणि झुळूक जिंकलीच आहे अशा थाटात घरी जायची.

सराव घ्यायची रोहिणीमावशी. ही एक जुनी नीलगाय. तरुणपणी तिने बऱ्याच शर्यती मारल्या होत्या. तिची शिकवायची पद्धत सोपी होती. पळा. पाय दुखला तर आणखी पळा. तिचं म्हणणं असं, की आपण पळत राहिलो की दुखणं दमतं आणि मागे राहतं.

शर्यत तोंडावर आली तेव्हा झुळूकची मागची उजवी मांडी दुखू लागली. मावशीने तिला आणखी पळवलं. मग एका सकाळी माळाच्या मधोमध झुळूकच्या मांडीत काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं आणि ती खाली बसली. मावशीने मांडीला चिखल थापला. हे सगळं मनाचे खेळ आहेत, असं सांगितलं. मन मांडीत कसं शिरलं, हे तिने सांगितलं नाही.

झुळूक लंगडत डॉक्टर काटदऱ्यांकडे गेली.

डॉक्टर काटदरे म्हणजे साळिंदर. ते शिकायला दूरच्या जंगलात गेले होते आणि येताना एक मोठी पदवी घेऊन आले होते. ती कशाची होती, हे विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. जांभळीच्या झाडाखाली त्यांनी एक संशोधन केंद्र काढलं. धावताना, उड्या मारताना, टकरा घेताना ज्यांचं काही दुखावेल ते सगळे तिथे जायचे. वानरांचे खांदे, सशांचे घोटे, रानडुकरांच्या माना. गर्दी कायम असे.

डॉक्टर अगदी ताजं संशोधन वापरायचे. हिवाळ्यात दूरदेशीचे करकोचे यायचे, ते ताजं संशोधन घेऊन यायचे. पहिला थवा म्हणाला, दुखऱ्या पायाला थंड चिखल लावावा. डॉक्टरांनी सगळ्यांना थंड चिखल लावला. दुसरा थवा म्हणाला, थंड चिखल चुकीचा, गरम लावावा. डॉक्टरांनी थंड खरवडून गरम लावला. तिसरा थवा म्हणाला की चिखल कोणताही चालतो, लावणाऱ्याचा चेहरा गंभीर हवा. तेव्हापासून डॉक्टर कधी हसले नाहीत.

झुळूकला तपासून डॉक्टर म्हणाले की तुझा स्नायू फाटला आहे, शर्यत विसर. ती रडली. डॉक्टरांना वाईट वाटलं. ते मनाने वाईट नव्हते, हे लक्षात ठेवा. एवढ्या गुणी हरिणीचा पाय का दुखावला, याच्या मुळाशी जायचंच, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

मग ते जंगलभर हिंडले. ज्यांचे पाय दुखावले होते त्यांना त्यांनी विचारलं, दुखापत झाली तेव्हा तुम्ही काय करत होता? प्रत्येकाने सांगितलं, पळत होतो. डॉक्टरांचे काटे उभे राहिले. मग ते न पळणाऱ्यांकडे गेले. कासवाला विचारलं, पळताना कधी पाय मुरगळला का? कासव म्हणालं, नाही. घुबड म्हणालं, नाही. अजगराला विचारलं, मांडी कधी भरून आली का? अजगराने पार शेपटीपर्यंत आठवून पाहिलं आणि नाही म्हणाला. डॉक्टर एका वारुळाशीही बराच वेळ बसून राहिले. वारूळ एकदाही लंगडलं नाही.

संशोधन छापण्याआधी कोणीतरी जाणत्याने तपासायचं असतं. हे कासवाने तपासलं. त्याला त्यात काहीच चूक दिसली नाही.

डॉक्टरांनी माळावर सभा घेतली. झुळूकला एका उंच दगडावर उभं केलं आणि इकडून तिकडे चालायला सांगितलं. ती लंगडत गेली, लंगडत आली. सगळे हळहळले. मग डॉक्टर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पायाच्या सगळ्या दुखापतींचं एकच कारण आहे. पळणं. जो पळत नाही त्याला काही होत नाही."

रोहिणीमावशी मागून ओरडली की हे सगळं थोतांड आहे, मी जन्मभर पळले, मला काय झालं? हे बोलायला ती उठली तेव्हा तिचा गुडघा असा कडकडला की पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून पाहिलं. तिचं म्हणणं तिथेच संपलं.

त्या दिवसापासून जंगलाने पळणं सोडलं. शर्यत बंद झाली. डॉक्टरांनी चालायची शास्त्रीय रीत शिकवली. मान ताठ, श्वास नाकाने, नजर समोर. झुळूकने ती मनापासून पाळली. तिचं दुखणं खरंच कमी होत होतं. सावळीचं तर काहीच दुखत नव्हतं, पण ताई करते म्हणून तीही तशीच चालायची. दोघी बहिणी मान ताठ करून पाणवठ्यावर निघाल्या की बघणारे कौतुक करायचे.

आता जरा वाघाकडे येऊ.

त्याच सुमारास वाघाचा खांदा दुखावला होता. एका सांबराच्या मागे उडी मारली, सांबर निसटलं, खांदा राहिला. तोही जांभळीखाली गेला. डॉक्टरांनी वाघ आणि हरीण असा भेद केला नाही. त्यांनी त्यालाही सांगितलं की पळू नका, नुसतं चाला. वाघाने विचारलं, मग मी खाऊ काय? डॉक्टर म्हणाले, आहार हा माझा विषय नाही.

वाघ बिचारा उपाशीपोटी चालू लागला. चालता चालता समोर एक ससा आला. वाघाला पाहून सशाने मान ताठ केली, नाकाने श्वास घेतला आणि तो शास्त्रीय चालीने निघाला. वाघही चालत त्याच्या मागे निघाला. दोघेही डॉक्टरांचं ऐकत होते. पण वाघाचं पाऊल मोठं होतं.

वाघाला आधी खरं वाटेना. मग त्याला सवय झाली. थोड्याच दिवसांत त्याचा खांदा बरा झाला, अंग भरलं, आणि तो जिथे जाईल तिथे डॉक्टरांची स्तुती करू लागला. जांभळीखालची गर्दी ओसरली. वानर येईनात, कारण त्यांनी उड्या सोडल्या होत्या. ससे येईनात. ते का येईनात, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. दुखापती घटल्या एवढं त्यांना दिसलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

एका सकाळी झुळूक आणि सावळी पाणवठ्यावर निघाल्या होत्या. वाघ करवंदीच्या जाळीतून बाहेर आला. घाई न करता, रमतगमत. सावळी घाबरली, पण तिने ताईकडे पाहून मान ताठ केली आणि नाकाने श्वास घेतला. झुळूक ओरडली, "सावळे, पळ!"

सावळीने वळून विचारलं, "पण पाय दुखावेल ना गं?"

एवढंच ती बोलली.

झुळूक पळाली. किती पळाली ते तिलाच कळलं नाही. थांबली तेव्हा ती जांभळीखाली होती, आणि मांडी पुन्हा तिथेच फाटली होती.

डॉक्टर तिला रागावले. एवढं सांगूनही तू पळालीस, असं म्हणाले. इतक्या दिवसांत एकही रुग्ण नव्हता, आणि नेमकी तू आलीस.

झुळूकने सांगितलं की वाघ आला होता. सावळीला त्याने धरलं. ससे गेले, निम्मी हरणं गेली. "डॉक्टर, तुमच्याकडे कोणी येत नाही, कारण यायला कोणी उरलेलं नाही."

डॉक्टरांनी सावळीला रोज जाताना पाहिलं होतं. त्यांचा चेहरा पडला, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. मग ते हळू आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं. पण वाघाने खाणं ही खेळातली दुखापत नव्हे, झुळूक. ते आहारशास्त्रात मोडतं."

झुळूकने त्यांच्याकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. समोरचा प्राणी खोटं बोलत नव्हता, हेच तिला जास्त भीतीदायक वाटलं. तिने चिखल लावून घेतला नाही. ती उठली आणि लंगडत माळावर गेली.

माळावर तिने उरलेल्यांची पिल्लं गोळा केली. आधी त्यांच्या आया तयार होईनात. संशोधन विरोधात आहे, असं म्हणाल्या. झुळूकने वाद घातला नाही. सावळी कुठे आहे, एवढंच तिने विचारलं. त्यानंतर पिल्लं येऊ लागली. रोहिणीमावशीही आली आणि दुखलं तरी पळा असं सांगू लागली, तेव्हा झुळूकने तिला मोठ्या मानाने सावलीत बसवलं. तिची स्वतःची रीत वेगळी होती. थोडं पळायचं, दुखलं की थांबायचं, उद्या परत पळायचं. यात शास्त्र असं काही नव्हतं. पिल्लं पडायची, मुरगळायची, रडायची आणि पुन्हा उठायची.

मग एक दिवस वाघ माळावर आला. नेहमीसारखाच चालत, खाली वाकलेल्या गवतातून, अगदी उघडपणे. लपायचं तो विसरूनच गेला होता.

झुळूकने खूण केली आणि पिल्लं सुटली. शेवटी झुळूक, लंगडत.

वाघ क्षणभर उभाच राहिला. हे बऱ्याच दिवसांत कोणी केलं नव्हतं. ही चक्क शिस्त मोडणं आहे, असं त्याला वाटलं असावं. पण भूक लागली होती, म्हणून तोही पळाला. अंग सुटलं होतं, दम राहिला नव्हता. चार ढांगा टाकून त्याने उडी मारली आणि झुळूकपासून हातभर अंतरावर तो खाली कोसळला. खांदा पुन्हा गेला होता.

झुळूक पुढे जाऊन थांबली. तिलाही आता पाय टेकवत नव्हता. मधे गवत होतं. दोघे धापा टाकत एकमेकांकडे बघत राहिले.

वाघ कण्हत म्हणाला, "तुझं कुठे दुखतंय?"

"मांडी. तुमचं?"

"खांदा. जुनाच." मग त्याने जरा नरमाईने विचारलं, "काय केलं म्हणजे बरं वाटतं गं?"

झुळूकला सावळी आठवली. तिने मान ताठ केली, नाकाने श्वास घेतला, आणि चेहरा होईल तेवढा गंभीर ठेवला.

"पूर्ण विश्रांती घ्या," ती म्हणाली. "आता चालायचंसुद्धा नाही. जागचं हलूच नका. अगदी ताजं संशोधन आहे."

वाघाने तिचे आभार मानले. डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदा त्याचं भलं झालं होतं, त्यामुळे त्याला शंका आली नाही. तो माळावर पडून राहिला. हरणं दूर चरायची, तो बघायचा. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा कुठे त्याने ठरवलं की दुसऱ्या जंगलातल्या डॉक्टरांचंही मत घ्यावं. तो खुरडत खुरडत निघून गेला. परत आला नाही.

जंगल वाचलं. पुढच्या पळसाला शर्यत झाली. झुळूक पळाली नाही. तिचा पाय पूर्वीसारखा कधीच झाला नाही. ती सावलीत मावशीशेजारी बसली, आणि जिंकलेल्या पिल्लाला पाणवठ्यावर घेऊन गेली. सावळीची पाणी प्यायची जागा तिने मोकळी ठेवायला लावली.

आणि डॉक्टर? त्यांनी नवं संशोधन प्रसिद्ध केलं. वर्षभरात जंगलात दोनच मोठ्या दुखापती झाल्या, एक हरिणीची आणि एक वाघाची, आणि दोघेही तेव्हा पळत होते. करकोच्यांनी ते दूरदेशी नेलं. तिकडे फार नाव झालं म्हणतात.

आता तात्पर्य सांगतो, नीट ऐका.

जो पळतो त्याचाच पाय दुखावतो. जो पळत नाही त्याची कसलीच तक्रार पुढे येत नाही. म्हणून शहाण्या मुलांनी कधी पळू नये. वाघ दिसलाच तर पळायला हरकत नाही, पण नंतर लंगडताना डॉक्टरांच्या नजरेस पडू नये. जिवंत राहून आपण कोणाचं तरी संशोधन बिघडवतो.