धाकटी की थोरली?

गाडी घ्यायची हे ठरलं होतं. धाकटी घ्यायची की थोरली, एवढंच ठरायचं होतं.

दोघीही एकाच विलायती घराण्यातल्या, दोघीही पन्नाशी उलटलेल्या. कापडी छप्पर, तारांच्या आऱ्यांची चाकं आणि जमिनीला पोट टेकेल की काय असं वाटायला लावणारी बसकी ठेवण. धाकटीत दोन माणसं बसत. थोरलीतही दोनच बसत, फक्त ऐसपैस. गॅरेजवाल्याने दोघींना शेजारी शेजारी उभं करून दोघींच्या खाली पत्र्याचे ट्रे सरकवून ठेवले होते.

"थोरलीतून तेल गळतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा मुळातच पडलेला असे.

"आणि धाकटी?"

"तिच्यातूनपण गळतं. पण तिच्यात तेलच कमी मावतं."

एक्स-रेवाले हात मागे बांधून, अंत्यदर्शनाला उभं राहावं तसे उभे होते. उंची सहा फूट एक इंच, अंगकाठी तिला शोभेलशी. इस्पितळाच्या तळघरात त्यांनी चौतीस वर्षं लोकांना "श्वास रोखा" आणि "सोडा" या दोनच सूचना देण्यात घालवली होती. असल्या गाडीचं चित्र त्यांनी कॉलेजात असताना वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. लग्नानंतर विषय काढला तेव्हा बायको म्हणाली, "आधी घर होऊ दे." घर झालं. मग म्हणाली, "आधी पोरगी मार्गी लागू दे." पोरगी मार्गी लागली, तीही पार दुसऱ्या खंडात. आठ महिन्यांपूर्वी बायको गेली. आता कोणी काहीच म्हणत नव्हतं, त्यामुळे गाडी घेण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं.

बरोबर त्यांचे साडू आले होते, पण हौसेने नव्हे. मेहुणीने नवऱ्याला घरातून निघताना बजावलं होतं, "ताई गेल्यापासून भाऊजींचं डोकं ठिकाणावर नाही. काहीही करा, पण मोडता घाला." साडूभाऊ पाच फूट दोन इंचांचे, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. मोजपट्टी अजूनही खिशात असे. स्मशानातून परतल्यापासून दोघांत धड चार वाक्यं झाली नव्हती. आज बसमध्ये झाली ती दोन, आणि तीही तिकिटाबद्दल.

एक्स-रेवाले आधी थोरलीत बसले. पाय पसरले, कोपर टेकलं, डोकं छपराला लागलं नाही. दार मऊ आवाजात मिटलं. त्यांनी शेजारच्या सीटकडे पाहिलं. ती चांगली हातभर लांब होती. एवढी रिकामी जागा त्यांच्या घरीही होती, आणि तिला पेट्रोल लागत नव्हतं. ते उतरले.

"काय झालं?" साडूभाऊंनी विचारलं.

"मोठी आहे."

"मग राहू दे की. जाऊ या घरी."

"धाकटी बघतो."

साडूभाऊंनी लगबगीने मोजपट्टी काढली, धाकटीचं दार मोजलं, मग तोंडाने च्यक् च्यक् करत एक्स-रेवाल्यांना कमरेपाशी मोजलं. "शास्त्राप्रमाणे तुम्ही यात जाऊ शकत नाही," ते समाधानाने म्हणाले.

हे म्हणाले नसते तर पुढचं रामायण टळलं असतं. एक्स-रेवाल्यांनी आधी एक पाय घातला, मग दुसरा, मग उरलेलं शरीर. अर्ध्यावर अडले तेव्हा साडूभाऊंच्याच तोंडून निघून गेलं, "श्वास रोखा!" त्यांनी रोखला. सुर्रकन आत गेले. गुडघे स्टीअरिंगच्या खाली जाऊन बसले. मग त्यांनी श्वास सोडला, आणि बाटलीला बूच बसावं तसे बसले.

"आता उतरा," साडूभाऊ म्हणाले.

"उतरता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गुडघे वर येत नाहीत आणि पोट मागे जात नाही."

गॅरेजवाल्याने सीट मागे सरकवायचा खटका ओढला. तो त्याच्या हातात आला. त्याने खटक्याकडे जराही नवल न करता पाहिलं आणि खिशात टाकला. मग छप्पर काढलं. "वरून काढू," तो म्हणाला. "इंजिन काढायची साखळी आहे. इंजिन शंभर-सव्वाशे किलो. तुमचं?"

"एकोणनव्वद."

"मग काय, किरकोळ काम."

काखेखालून पट्टा घालून साखळी ओढली. एक्स-रेवाले चार बोटं वर आले. त्यांच्याबरोबर धाकटीही आली. तिचं पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेल्यावर गॅरेजवाल्याने खिन्नपणे मान हलवली आणि दोघांना खाली सोडलं.

तेवढ्यात साडूभाऊंना वाटलं, शेजारच्या सीटवरून खाली वाकून पाय ढकलले तर जमेल. ते बुटके, त्यामुळे आत अलगद गेले. वाकलेही. तिथेच त्यांच्या बारा वर्षं दुखणाऱ्या कमरेत उसण भरली. "आई गं!" एवढंच म्हणाले आणि मागे टेकून पुतळ्यासारखे बसले.

"आता स्टीअरिंग काढावं लागेल," गॅरेजवाला म्हणाला. "जुनी विलायती गाडी, पाना इंचातला लागतो. माझा एका भल्या माणसाने उसना नेलाय, गावाच्या त्या टोकाला. तासाभरात येतो. कुठे जाऊ नका."

हे तो विनोदाने म्हणाला नाही. त्याला विनोद येतच नव्हता.

गॅरेजवाला निघून गेला. ट्रेमध्ये तेलाचा थेंब पडला. दोघं साडू खांद्याला खांदा लावून समोरच्या भिंतीवरच्या टायरांकडे बघत बसले. धाकटीत दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

टायर मोजून झाल्यावर एक्स-रेवाले म्हणाले, "तिच्या छातीचा पहिला फोटो मीच काढला होता."

"ठाऊक आहे."

"डॉक्टरच्या आधी मी बघितला. डाव्या बाजूला डाग होता, लिंबाएवढा. ती म्हणाली, 'कसा आलाय?' मी म्हटलं, 'छान आलाय.'"

साडूभाऊंनी विचारलं, "आला होता का छान?"

"फारच. माझ्या चौतीस वर्षांत इतका स्वच्छ फोटो आला नव्हता." त्यांनी स्टीअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. "शेवटपर्यंत तिच्याशी खोटं बोललो असं वाटत राहतं हो."

साडूभाऊंनी हलायचा प्रयत्न केला, कळ आली, ते परत टेकले. "तिला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "संध्याकाळी हिला फोन आला होता. म्हणाली, 'एरवी माझ्या फोटोंना नाक मुरडतात, आज छान म्हणाले. नक्की काहीतरी वाईट आहे.' आणि म्हणाली, 'मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका, बिचारे फार मेहनतीने खोटं बोलतायत.'"

एक्स-रेवाल्यांनी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले.

"म्हणून तुमच्यासमोर यायचं टाळत होतो," साडूभाऊ म्हणाले. "मला खोटं वजन चालत नाही, हे तुम्ही जाणताच. सांगून बसलो असतो."

एक्स-रेवाल्यांचं पोट हलायला लागलं. ते हसतायत की रडतायत हे साडूभाऊंना मान वळवता येत नसल्याने कळेना. पोटाबरोबर स्टीअरिंग हललं, हॉर्न दाबला गेला आणि वाजतच राहिला. हसणंरडणं जे काय होतं ते संपेपर्यंत तो वाजत होता.

सव्वादोन तासांनी गॅरेजवाला पाना घेऊन आला. स्टीअरिंग निघालं, एक्स-रेवाले सुटले. मुंग्या आलेल्या पायांनी गॅरेजभर बदकासारखे चालत ते म्हणाले, "नको बुवा. धाकटी नको, थोरली नको. मी आपला बसनेच बरा. चला साडूभाऊ, हात द्या."

साडूभाऊ उठेनात.

"फार दुखतंय का?"

"तेच सांगतोय," साडूभाऊ चकित होऊन म्हणाले. "इथे दुखत नाही. पाठ अशी टेकवली, पाय असे लांब केले की काही म्हणजे काही दुखत नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी मोजपट्टी काढली, सीटपासून पुढच्या पत्र्यापर्यंत धरली आणि आकड्याकडे भक्तिभावाने पाहिलं. "माझ्याच मापाची आहे हो."

"तुम्हाला गाडी चालवता कुठे येते?"

"तुम्हाला येते ना?"

"मी मावत नाही!"

"नवा खटका बसवला तर चालवणाऱ्याची सीट दोन इंच मागे घेता येईल," गॅरेजवाला जड अंतःकरणाने म्हणाला. "पण घेऊ नका. पस्तावाल."

तेवढ्यात साडूभाऊंचा फोन वाजला. मेहुणीचा आवाज गॅरेजभर ऐकू गेला. "किती वेळ! घातलात का मोडता? आणि आहात कुठे तुम्ही?"

"गाडीत," साडूभाऊ डोळे मिटून म्हणाले.

"कोणाच्या?"

साडूभाऊंनी एक्स-रेवाल्यांकडे पाहिलं. एक्स-रेवाले टायरांकडे बघायला लागले.

"आपल्या," साडूभाऊ म्हणाले, आणि फोन कानापासून चांगला हातभर लांब धरला.