अकरा गुंठ्यांचे तात्या

आमचे दत्तूतात्या लग्नाला गेले, की अक्षता पडायच्या आत नवऱ्यामुलाच्या बापाला गाठतात. "पावणं, भात गुंठ्याला किती पडलं?" तो बिचारा एकराचा आकडा सांगायला लागला, की तात्या हात झटकतात. "एकराचं नगं. एकरात खोटं लपतंय."

तात्या माझे चुलत चुलते. त्यांचं शेत अकरा गुंठे, माझं शेजारीच दोन एकर, मध्ये एक बांध. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि तीही शेतकीच्या कॉलेजची. तरी गुंठ्याला माझ्यापेक्षा जास्त भात पिकवणार कोण, तर चौथीतनं शाळा सोडलेले तात्या! दर सुगीला बांधावर उभं राहून अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं विचारणार, "काय ग्रॅज्वेट, यंदा किती?"

पिकणारच की! लावण करताना दोरी धरून एकेक रोप लावणार. तण उपटायला भांगलण तीनदा. दाणा भरला, की दिवसभर पत्र्याचा डबा बडवत पाखरं राखणार, आणि त्यातल्या एका चिमणीला ओळखीनं शिव्या घालणार.

अठ्ठ्याण्णव साली मी म्हटलं, "तात्या, मधला बांध काढूया. ट्रॅक्टर वळंल, दोन्ही शेतं एकदम पिकवू. तुमचा वाटा तुमच्या घरात पोच."

"माझा गुंठा तुझ्या एकरात बाटंल."

असं तीन हंगाम चाललं. शेवटी डोकं फिरलं आणि मी कागद-पेन घेऊन बांधावरच बसलो. "नुसतं भात मोजताय. त्यात घातलेले तुमचे दिवस मोजा की!"

नांगरट, लावण, भांगलण, राखण, कापणी, मळणी. बेरीज नव्वद दिवस. अकरा गुंठ्यांना नव्वद दिवस! "ही काय शेती हाय व्हय?" मी ओरडलोच.

तात्यांनी कागदावरच्या नव्वदावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आणि तुझ्या मशीननं?"

"माझ्याबरोबर केलं तर तुमच्या वाट्याला चार दिवस," मी छाती काढून सांगितलं.

त्यांनी गावाकडं बघितलं. "तुझी काकी गेली. पोरगी दिल्या घरी. घरात नुसतं भांडं पडलं तरी दचकायला होतंय. उरलेलं शहाऐंशी दिवस कुठं घालू रं? शिकवलंय का ते तुझ्या कॉलेजात?"

मी कागदाची घडी घातली आणि उठलो.

"जातोस व्हय?" तात्या जरा सरकले. "बस की थोडं."