वाघमारे सरांची शेवटची वडी

ऐन मे महिन्यात काचीगुड्याहून दोन बसा बदलून, घामाघूम होऊन प्रयोगशाळेत पोचावं आणि दारातच कुणी आपल्या हातातला चहा काढून घ्यावा, याला काय म्हणायचं? वाघमारे सर म्हणायचे, "गरम नक्को!" बोली नांदेडची, त्यावर हैदराबादचा हा शिक्का.

मी त्यांची सहायक. सरांचं आयुष्य नखाएवढ्या सिरॅमिकच्या वड्यांत गेलं. वडी द्रव नायट्रोजनच्या भयंकर थंडीत बुडवायची, तिच्यावर किरणांचा मारा करायचा आणि आत काय मोडलं ते मोजायचं. थंडीत ती मोडतोड जशीच्या तशी राहते. ऊब लागली की वडी सावरायला लागते आणि सावरताना अंधुक उजेड देते, तोही एकदाच; मोजायचा तो हाच. म्हणून चहा बंद, टेबलदिवा बंद. माझ्या शालीकडेसुद्धा सर संशयाने बघायचे.

ते निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. कसलं काय! एक वडी मोजायची राहिली होती. मोजायचं यंत्र बंद, आणि दुरुस्तीची फाइल साहेबांच्या टेबलावर आराम करत होती. तोवर वडी थंड राहायला हवी, म्हणून सर रोज दिलसुखनगरहून येऊन नायट्रोजन ओतायचे. गेटपास मी करायचा, गेटवरची बोलणी मी खायची, आणि वर हे मलाच सांगणार, "दार लाव, ऊब येते." असा संताप व्हायचा!

संक्रांतीला सर तापाने पडले. दोन दिवस तेवढं नायट्रोजन बघ, असं फोनवर तीनतीनदा बजावलं. सणाच्या गडबडीत मी साफ विसरले. तिसऱ्या दिवशी बघते तर नायट्रोजनचं भांडं कोरडं ठणठणीत.

सर आले. मी उलट उत्तरं जुळवूनच उभी होते. त्यांनी झाकण काढून वडीला बोट लावलं.

"उजेड पाहिलास?"

"नाही सर. इथं कुणीच नव्हतं."

तेव्हा मात्र ते भडकले. मोजमाप गेलं त्याबद्दल चकार शब्द नाही. "कुणीच नव्हतं म्हणजे? एवढं सोसलं तिनं, आणि शेवटी जवळ एक माणूस नाही?"

मग स्टुलावर बसले.

"आमची विमल गेली तेव्हाबी मी इथंच होतो. नायट्रोजन ओतत."

सरांची पत्नी गेल्याचं मला ठाऊक होतं. हे नव्हतं. खाली जाऊन मी दोन चहा घेऊन आले आणि सवयीने दारातच थबकले.

"गरम आहे, सर."

"असू दे," म्हणाले, आणि कप दोन्ही हातांत धरून बसून राहिले.