गफूरभाऊंचे तीन ढीग

गफूरभाऊंनी भोंग्याच्या तोंडात मोजा कोंबला होता. लोकरीचा, तपकिरी, अंगठ्यापाशी फाटलेला. सावली गावाजवळच्या आमच्या पाणीपुरवठा योजनेच्या कंट्रोल रूममध्ये मी कनिष्ठ अभियंता म्हणून हजर झालो, तेव्हा मला सगळ्यात आधी दिसला तो हा मोजा. चौदा गावांच्या टाक्यांवर नजर ठेवणारी यंत्रणा, तिचा सरकारी भोंगा आणि त्याच्या तोंडात हे.

"भाऊ, हे काय?"

"सर्दी झाली त्याले," गफूरभाऊ म्हणाले. "दिवसभर शिंकत राह्यते. मोजा घातल्यापासून आराम हाये."

पुढच्या पाच मिनिटांत भोंगा सहा वेळा शिंकला. प्रत्येक वेळी गफूरभाऊ पडद्याकडे न पाहता "हो, आयकलं" म्हणायचे आणि एक बटण दाबायचे. त्या बटणावरचं अक्षर झिजून गेलं होतं. कुठलं होतं ते त्यांनाही आठवत नव्हतं.

चूक त्यांची नव्हती. ज्यांनी कोणी ही यंत्रणा पूर्वी कधी बनवली, त्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट गंभीर होती. पंप सुरू झाला, वाजव. पंप बंद झाला, वाजव. टाकी भरली, वाजव. सोलरच्या पॅनेलवर माकड बसलं, वाजव. पडद्यावर दर वेळी एक नवी ओळ उमटायची आणि सगळ्या ओळी लाल. त्याही इंग्रजीत. पाणी कमी झालं की 'लो' आणि फारच कमी झालं की 'लो लो'. गफूरभाऊ त्याला लोलो म्हणत. "करंजटोल्याचा लोलो आला," असं ते पाहुणा आल्यासारखं सांगायचे, आणि मग फोन उचलून करंजटोल्याच्या ऑपरेटरला विचारायचे, "टाकीत पाणी हाये का बे?" तो म्हणायचा, काठोकाठ आहे. पण फोन तेवढ्यावर संपत नसे. धान किती झालं, म्हातारीचा खोकला गेला का, पोरगी गडचिरोलीवरून आली का, असं बराच वेळ चालायचं. तोवर भोंगा आणखी चार वेळा मोज्यात शिंकलेला असायचा.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेला हा काटकुळा माणूस. दर शुक्रवारी डोळ्यांत सुरमा आणि रोज खिशात बडीशेप. आवाज मात्र अंगापेक्षा तिप्पट मोठा. आणि तोंडात एकच प्रश्न, "मंग मी उठू का बसू?" कुठलंही परिपत्रक वाचून दाखवलं की हाच प्रश्न. डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट समजावून सांगितला, तेव्हा म्हणाले, "आकडा तुमच्यापाशी ठेवा. मी उठू का बसू ते सांगा." लग्नपत्रिका दिली तरी आधी जेवणाची वेळ बघायचे. उठायचं की बसायचं ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं म्हणे.

मी आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बोरटोल्याची टाकी खरोखरच रिकामी झाली. तीन दिवस गावाला पाणी नव्हतं. बाया दोन किलोमीटरवरच्या बोडीवरून, शेततळ्यावरून, हंडे वाहत होत्या. चौकशी झाली. यंत्रणेने इशारा दिला होता का? दिला होता. माकडं, पंप आणि भरलेल्या टाक्या यांच्या मधोमध कुठेतरी बोरटोल्याचा लोलो लाल अक्षरांत बसलेला सापडला. गफूरभाऊंना कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर त्यांनी मला लिहायला सांगितलं आणि शब्दही स्वतःच दिले: "यंत्राने मला सांगितले हे खरे आहे. परंतु वरातीत बँड वाजत असताना कानात सांगितले."

चंद्रपूरच्या मोठ्या साहेबांनी ते वाचलं आणि त्यांना हसू आलं, असं त्यांचा शिपाई सांगतो. नोटीस फाईल झाली. यंत्रणा नव्याने बनवायचा आदेश निघाला आणि योजनेतला सगळ्यात तरुण म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

पुण्याच्या कंपनीने ऋता नावाची मुलगी पाठवली. हुशार होती. पण तिला आधी आमच्या योजनेचे साहेब भेटले, आणि साहेबांना पडद्यावर फिरणारं गोल चक्र पाहिजे होतं. शिवाय जिल्ह्याचा नकाशा, त्यावर हलणारी नदी आणि कोपऱ्यात साहेबांच्या वरच्या साहेबांचा फोटो. तिने सगळं वहीत उतरवलं आणि मग ती गफूरभाऊंसमोर येऊन बसली.

"काका, हा पडदा बघितल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय करता?"

"डोळे मिटतो, ताई."

तिने तेही लिहून घेतलं. मग पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला. एकेका कार्डावर एकेक इशारा लिहिलेला होता. "तुम्हाला जमतील तसे हे लावा," ती म्हणाली. तिला वाटलं होतं तास-दोन तास लागतील. गफूरभाऊंनी पत्ते वाटावेत तशी कार्डं टाकली आणि चहा यायच्या आत टेबलावर तीन ढीग झाले. पहिल्यात मोजून पाच कार्डं, दुसऱ्यात दहा-बारा, तिसरा मात्र विटेएवढा.

"हा उठा," पहिल्या ढिगावर बोट ठेवून ते म्हणाले. "हा फोन करा. आन् हा मरू द्या."

 ऋताने वहीतलं गोल चक्राचं पान उलटलं आणि नवं पान घेतलं.

पुढचे काही महिने मी त्या तीन ढिगांसाठी भांडलो. साहेबांचं म्हणणं, सरकारी यंत्रणेत 'मरू द्या' असा विभाग ठेवता येत नाही. त्याचं 'नोंद घ्या' झालं. रंगांवरून भांडण झालं. लाल फक्त पहिल्या ढिगाला द्यायचा, यावर गफूरभाऊ अडून बसले. मग वाक्यांची पाळी आली. कुठल्याशा भाषांतरकाराने पाठवलं होतं, 'जलकुंभातील जलपातळी निर्धारित मर्यादेपेक्षा न्यून.' गफूरभाऊंनी ते दोनदा वाचलं.

"हे कोणाले सांगून राह्यले? कोर्टाले?"

"तुम्हाला, काका," ऋता म्हणाली.

"मंग मले समजंन असं सांगा नं. लिहा. बोरटोल्याची टाकी उतरून राह्यली. तासाभरात नळ बंद होईन. डोमाजीले फोन करा."

ऋताने 'राह्यली' तेवढं बदललं, बाकी तसंच ठेवलं. चौदा गावांची सगळी वाक्यं अशीच गफूरभाऊंनी सांगितली. प्रत्येकाच्या शेवटी ऑपरेटरचं नाव. त्यांच्या मते नावाशिवाय इशारा म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट.

थंडीत उद्‌घाटन झालं. पडद्याला झेंडूचा हार, नारळ, साहेब खुर्चीवर. बटण दाबलं. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ आली: 'सगळं ठीक आहे.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही वाट बघत बसलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पडद्यावर तीच ओळ. साहेब माझ्याकडे झुकले.

"हे चालू आहे ना?"

"चालू आहे, सर."

"मग वाजत का नाही?"

 माझ्याआधी गफूरभाऊच म्हणाले, "सायेब, तब्येत बरी असली का माणूस कण्हत नाई."

चहा आला तेव्हा भोंगा वाजला. एकदाच, स्वच्छ, मोठ्याने. पडद्यावर लाल ओळ: 'बोरटोल्याची टाकी उतरते आहे. तासाभरात नळ बंद होईल. डोमाजीला फोन करा.' गफूरभाऊंनी फोन केला. डोमाजी उचलेना. दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला. मग गफूरभाऊ खुर्चीवरून उठले. त्यांना कामासाठी उठलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"गाडी काढा," साहेब म्हणाले. "गफूरभाऊ, तुम्हीही चला."

"मी कायले? मी फोनवाला माणूस हाये," ते म्हणाले. पण साहेबांनी दार उघडून धरलं होतं.

बोरटोल्याच्या अलीकडे, कापून झालेल्या धानाच्या बांधीत एक माणूस कमरेएवढ्या चिखलात उभा राहून व्हॉल्व्ह पिळत होता. सदरा बांधावर, सदऱ्यात फोन. पाइपाचा सांधा सुटून पाणी उडत होतं. आम्ही पोचलो तोवर त्याने ते बंदही केलं होतं. टाकी अर्धी वाचली.

"डोमा, फोन काऊन नाई उचलला बे?" गफूरभाऊंनी बांधावरून विचारलं.

चिखलातला माणूस आवाजाकडे वळला आणि थांबला. "गफूरभाऊ?"

अकरा वर्षं हे दोघे रोज बोलत होते. एकमेकांना पाहिलं नव्हतं. डोमाजी वर आला, हात पुसायला कापड शोधू लागला, मिळालं नाही, तसाच उभा राहिला.

"मले वाटे तुम्ही जाडे असान," तो म्हणाला.

"आवाज जाडा हाये," गफूरभाऊ म्हणाले.

डोमाजीने आम्हाला घरी नेलं. साहेब अंगणात फोनवर चंद्रपूरला यशाची बातमी देत होते. गफूरभाऊ मात्र त्या घरात पहिल्यांदा आल्यासारखे वाटतच नव्हते. गाय व्याली का, असं विचारताना त्यांनी तिचं नाव घेतलं. थोरलीच्या नर्सिंगचा निकाल विचारला. डोमाजीच्या बायकोला म्हणाले, "सुमनबाई, गुडघ्याले तेल लावता का नाई?" ती लाजून पदर सावरत हसली. मग तिने फडताळातून मधाची बाटली काढली, फडक्याने पुसली आणि गफूरभाऊंसमोर ठेवली.

"भाभीले द्या. रानातला हाये. थंडीत दम्याले बरा राह्यते." आणि मग, "बऱ्या हायत नं भाभी?"

गफूरभाऊंनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"बऱ्या हायत," ते म्हणाले. "सकाळीच तुमचं नाव काढलं."

मी खाली बघितलं. नूरभाभींना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी नवीनच होतो तेव्हा. कंट्रोल रूममधले आम्ही सगळे मय्यतीला गेलो होतो. गफूरभाऊ चौथ्या दिवशी कामावर आले होते आणि आल्याआल्या भोंग्याला "हो, आयकलं" म्हणाले होते.

परतताना साहेब पुढे बसले आणि लगेच झोपले. गफूरभाऊ माझ्या शेजारी, मांडीवर बाटली, झाकणावर हात. व्याहाडाच्या अलीकडे ते हळूच बोलले. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"सुट्टीवरून आलो तवा डोमाजीचाच पयला फोन आला. पाण्याचं बोलला, मंग म्हणे भाभी कशा हायत. सांगनारच होतो. भोंगा वाजत होता, सांगाले जमलं नाई. बऱ्या हायत म्हणालो. दुसऱ्या दिवशी करंजटोल्यावाला विचारे. मंग रोजच." त्यांनी बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. "घरी कोणी तिचं नाव घेत नाई. पोरगा हैदराबादले. फोनवर चौदा गावचे लोकं विचारते."

 

नवी यंत्रणा फार चांगली चालली. दिवसचे दिवस 'सगळं ठीक आहे'. भोंगा नाही, लोलो नाही, त्यामुळे फोनही नाहीत. गफूरभाऊ बडीशेप चघळत त्या पांढऱ्या पडद्यासमोर बसून राहायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, लय चांगलं झालं. साहेबांना जिल्ह्यात शाबासकी मिळाली.

पंधरा दिवसांनी मी एक टिपण लिहिलं. यंत्रावर पूर्णपणे विसंबणे योग्य नसल्याने प्रत्येक गावच्या ऑपरेटरने रोज सकाळी कंट्रोल रूमला फोन करून पाणीपातळी तोंडी कळवावी. साहेबांनी दूरदृष्टीबद्दल माझं कौतुक केलं आणि सही ठोकली. ऋताने पुण्याहून विचारलं, याची खरंच गरज आहे का? मी म्हटलं, आहे. गफूरभाऊंनी तो आदेश दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि घडी करून खिशात ठेवला. त्यांचा नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

गेल्या शुक्रवारी ते नमाजला गेले असताना फोन वाजला. मी उचलला. बोरटोल्याहून डोमाजी. सकाळी राहून गेलं म्हणाला, टाकीत पाणी भरपूर आहे. मी वहीत लिहिलं. तो फोन ठेवेना.

"गफूरभाऊ नाई काय?"

"नमाजला गेलेत."

"बरं," तो म्हणाला. आणि मग, "भाभी कशा हायत?"

"बऱ्या आहेत," मी म्हणालो.