हीटर पूर्ववत करण्याबाबत

माणसाची स्थिती सुधारायला खर्च येतो. तिचा अभ्यास करायला अनुदान मिळतं. म्हणून सुज्ञ समाज अभ्यासापासून सुरुवात करतो आणि, उगाच घाई नको म्हणून, तिथेच थांबतो.

शिकागोतल्या एका अभ्यासकेंद्राने शहरी आदिवासींच्या, म्हणजे त्या देशाच्या मूळ मालकांच्या, सामाजिक व आर्थिक स्थितीचा असा अभ्यास अकरा वर्षं नेटाने चालवला होता. २००६च्या डिसेंबरात बारावी फेरी सांगलीच्या सिद्धेशकडे आली. मेकॅनिकल इंजिनिअर होऊन तो आता संख्याशास्त्र शिकत होता, आणि त्याची फी, भाडं, व्हिसा, सगळं या एका कामावर तगून होतं.

त्याच्या वाट्याला डोलोरेसबाई आल्या. ओजिब्वे जमात, वय बासष्ट. दहा वर्षांच्या असताना सरकारने त्यांच्या कुटुंबाला उत्कर्षासाठी आगगाडीने शहरात आणलं होतं (तिकीट एकेरी, परतीचं खातं वेगळं). तीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुऊन झाल्यावर बाई आता घरातच ओव्हरकोट घालून बसत.

"प्रश्न सतरा," सिद्धेशने विचारलं. "हीटर चालतो का?"

"नाही. दरवर्षी लिहून नेतात. गेल्या वर्षीच्या मुलीचं अक्षर फार सुंदर होतं."

प्रत्येक फेरीनंतर केंद्राकडून त्यांना एक कप मिळे. त्यावर ‘तुमचं उत्तर मोलाचं आहे’ असं छापलेलं. अकरा कप फळीवर ओळीने मांडलेले होते. अहवालात ते ‘घरगुती मालमत्ता’ या सदरात धरले जात. त्यामुळे बाईंची सांपत्तिक स्थिती दरवर्षी एका कपाने सुधारत होती (आलेख जोडला आहे).

सिद्धेशचे हात शिवशिवले. त्याने पेन खाली ठेवून स्क्रूड्रायव्हर मागितला. एक वायर सैल होती, बाकी काही नाही. सात मिनिटांत हीटर घुरघुरायला लागला. बाईंनी ओव्हरकोट काढला. आतला स्वेटर लाल होता, ही माहिती अकरा अहवालांत कुठेही आलेली नव्हती. सिद्धेश इतका खूश झाला की जिना शीळ घालत उतरला.

केंद्रात प्रकल्पप्रमुख यामिनीने कपाळाला हात लावला.

"यार सिद्धेश, अकरा वर्षांचा डेटा आहे तो. तू व्हेरिएबलच रिपेअर केलास? प्रॉब्लेम सुटला तर पुढची ग्रँट कशावर मागायची?"

"मग आता?"

"पूर्ववत कर. नाहीतर तुझी असिस्टंटशिप मी वाचवू शकणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो स्क्रूड्रायव्हर घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला. बाईंनी ओळखलं, आदेश घेऊन दारात आलेली माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती.

"पोटाचा प्रश्न आहे, कर बाबा," त्या म्हणाल्या. "पण आधी चहा घे, खोली गरम आहे तोवर."

त्याने सहाव्या कपातून चहा घेतला, खाली मान घालून वायर सैल केली आणि प्रश्न सतरासमोर ‘नाही’ लिहिलं. त्याला स्वतःची लाज वाटली (त्यासाठी रकाना नव्हता). अक्षर मात्र सुंदर आलं.

बाईंना बारावा कप मिळाला.

इथवर सहकार्य केल्याबद्दल वाचकांनाही एक कप देण्यात येईल. त्याआधी योग्य त्या चौकटीत खूण करावी: हळहळ वाटली, फार हळहळ वाटली. तिसरी चौकट छापलेली नाही. आजवर कोणी मागितलेली नाही.